बहिरीच्या पायातलं कडं

माझ्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणाला जवळजवळ वर्षभर सुक्या मासळीचा वास येत होता. काचीगुड्याच्या आमच्या घरात तीन पिढ्यांत मासा शिजलेला नाही, त्यामुळे या वासाचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. यजमानांनी आधी खिडकीखालची मोरी तपासली, मग शेजारच्या मांजरीला दोष दिला आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजातला कसला तरी नमुना ठेवलाय, असं मी सांगून टाकलं. मला छोटं खोटं फार सफाईनं बोलता येतं. मोठं बोलायची वेळ आली की माझी जीभ अडखळते, पण दोन-तीन शब्दांचं, समोरच्याला बरं वाटावं किंवा आपल्याला प्रश्न विचारले जाऊ नयेत एवढ्यापुरतं खोटं माझ्या तोंडून इतकं सहज निघतं की ते निघाल्याचं मलाही उशिरा कळतं. त्या खणात एक पाकीट होतं, आणि पाकिटात अ‍ॅल्युमिनियमचं एक कापलेलं कडं आणि तेलुगूत लिहिलेलं दोन पानी पत्र. हिवाळ्यातलं तिरपं ऊन दुपारी टेबलाच्या पायाशी यायचं, लाकूड तापायचं आणि तो खारट, जुनाट गंध खोलीभर पसरायचा. मग मी चष्मा उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

मी प्राणिशास्त्र शिकवते. गेली अनेक वर्षं नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंतचे माझे दिवस समुद्रकिनाऱ्यावर जात आले आहेत. हैदराबादला समुद्र नाही, म्हणून आम्हा हैदराबादकरांना त्याचं अंमळ जास्तच वेड. नामपल्लीहून संध्याकाळच्या गाडीत बसायचं आणि उजाडता उजाडता बापटल्याच्या बाजूला उतरायचं. मग ओहोटीनं मागे ठेवलेल्या ओल्या, घट्ट वाळूवरून जीप हळूहळू न्यायची आणि दिसेल त्या प्रत्येक शिकारी पक्ष्याची नोंद करायची. सुरूच्या बनातून येणारा कोरडा, किंचित तुरट वास, पालथ्या होड्यांवर बसलेल्या ब्राह्मणी घारी, खाजणावरून तरंगत जाणारे भोवत्या पक्षी, आणि या सगळ्यांत क्वचित, अगदी क्वचित, वाहून आलेल्या एखाद्या ओंडक्यावर ताठ बसलेला बहिरी ससाणा. उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशातून हजारो मैल उडत तो आपल्या वाळूवर हिवाळा काढायला येतो. तो कुठून येतो, कुठे जातो, पुन्हा येतो का, हे कळावं म्हणून त्याला जपून धरायचं, पायात क्रमांकाचं कडं चढवायचं आणि सोडून द्यायचं, असं आमचं काम. ज्या संस्थेसाठी मी हे करते तिचं नाव इथे सांगण्यात अर्थ नाही. घडलं त्यात तिचा काही दोष नाही.

धरण्याचं काम दस्तगीरचाचांचं. ते जुन्या शहरातले, पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरणाऱ्या घराण्यातले. त्यांचे आजोबा कुणा नवाबाच्या पदरी ससाणे सांभाळत. पुढे कायदा झाला, पाखरं धरणं गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झालं. पण चाचांच्या बोटांतली विद्या एकाएकी बेवारस झाली. वर्षातले अकरा महिने ते कोठीच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून कुलपं दुरुस्त करायचे. बारावा महिना आमचा. कबुतराच्या अंगावर बसेल असं चामड्याचं जाकीट ते स्वतः शिवत, त्यावर बारीक तातीचे फास बसवत. ससाणा झेपावला की त्याची बोटं फासात अडकत, आणि चामड्यामुळे कबुतराला ओरखडाही उमटत नसे. मग चाचा वाळूवर गुडघे टेकून त्या चवताळलेल्या पाखराला असं काही उचलत की अगंबाई, बघत राहावं! डोक्यावर मखमली टोपी चढायची आणि तो वादळी जीव त्यांच्या तळहातांत निपचित व्हायचा. हलायची ती फक्त छाती.

सोडताना त्यांची एक रीत होती. हज्जला किंवा लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस आमच्या हैदराबादेत आप्तांचा निरोप घेताना जे म्हणतं, तेच ते पाखराला म्हणत, "कहा-सुना माफ." बोलण्यात, ऐकण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. हे शब्द कानात पडल्याशिवाय पाखराला आभाळ दाखवायचं नाही, असं त्यांना वडिलांनी शिकवलेलं. पहिल्या वर्षी मी हसले होते. पाखरू तुम्हाला काय बोललं चाचा, असं विचारलंही होतं. त्यावर ते म्हणाले, "वो क्या बोलेगा मॅडम, करे तो अपन." म्हणजे, जे केलं ते आपणच.

आता त्या सकाळीकडे यायला हवं, जिच्याभोवती मी इतका वेळ घुटमळते आहे.

तीन दिवस एकही बहिरी हाती लागला नव्हता. आमच्या मोहिमेच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, पुण्याहून इथे येऊन स्थायिक झालेल्या, कामाला वाघ, त्या दुसऱ्या किनाऱ्यावर होत्या आणि रोज संध्याकाळी फोन करून विचारत, "मिळाला का?" नाही म्हणताना मला शाळेत गृहपाठ विसरल्यासारखं व्हायचं. चौथ्या दिवशी ऊन नुकतं कोवळं असताना, धुक्याची पातळ साय समुद्रावरून उतरत असताना, एक गर्द पाठीचा पक्षी सुरूच्या शेंड्यावरून निघाला आणि दगड पडावा तसा कबुतरावर आला. चाचा धावले. मी कड्यांची डबी काढली.

बहिरीत मादी नरापेक्षा चांगली मोठी असते, म्हणून कडीही दोन मापांची. नराची लहान कडी एका डबीत, मादीची मोठी कडी दुसऱ्या डबीत. दुसरी डबी उघडली तर आत बडीशेप! निघायच्या घाईत मी काचीगुड्याच्या जेवणाच्या टेबलावरून भलतीच डबी उचलली होती आणि कडी तिथेच, लोणच्याच्या बरणीशेजारी, ठेवून आले होते. आणि चाचांच्या हातात होती ती मादी. तिचा रुंद खांदा, तिचे दणकट पिवळे पाय. शंकेला जागाच नव्हती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं.

करायचं एवढंच होतं की तिला सोडून द्यायचं. पण चौथ्या दिवशी मिळालेला पक्षी, संध्याकाळचा फोन, आणि बडीशेपेची गोष्ट ऐकून मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर उमटणारं ते हसू माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी लहान कडं काढलं आणि पक्कडीनं तिच्या पायाभोवती मिटवलं. नियम असा की कडं पायाभोवती फिरलंही पाहिजे आणि वरखाली सरकलंही पाहिजे. हे फिरत होतं. सरकत नव्हतं.

चाचांनी ते पाहिलं. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "मादीन है मॅडम," ते हळूच म्हणाले. "छल्ला छोटा है. नक्को. छोड़ देते, फिर मिलेगी."

"नर है चाचा," मी म्हटलं. "ज़रा बड़ा नर है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाला डोळे मिटून, नुसत्या वजनावरून नरमादी ओळखता येते, त्याला मी हे सांगत होते. मग ते म्हणाले, "हौ. तुम लोगाँ पढ़े-लिखे हैं." त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते आणि कदाचित भानावर आले असते.

पंखाचं माप घेतलं असतं तर माझं बिंग तिथेच फुटलं असतं, कारण आकडा मादीचाच आला असता. म्हणून मी नोंदवहीत 'नर' असं लिहिलं आणि मापांच्या रकान्यांपुढे एक ओळ खरडली: पक्षी हातात अस्वस्थ, मापं घेता आली नाहीत. मी हे लिहीत असताना ती मादी टोपीखाली, चाचांच्या ओंजळीत, देवघरातल्या समईसारखी स्तब्ध होती. 'कुणी धरला' या रकान्यात मी दस्तगीर असं नाव घातलं. मग, ते कडं डोळ्यांआड व्हावं या घाईनं, मी तिला त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं, टोपी काढली आणि वर उडवलं. चाचा दोन पावलं पुढे धावले. त्यांचं "कहा-सुना माफ" ती बरीच दूर गेल्यावर रिकाम्या वाळूवर पडलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मिळाला. नर."

ते पाकीट संस्थेत आलं होळीच्या सुमाराला. कड्यावर आमचा पत्ता कोरलेला असतो. कुणा कोळ्यानं त्या पत्त्यावर कापलेलं कडं आणि पत्र पाठवलं होतं. पाकिटाला त्याच्या घराचा वास होता. संस्थेतल्या तेलुगू जाणणाऱ्या कारकुनानं पत्रातून चार गोष्टी टिपून घेतल्या, गावाचं नाव, तारीख, क्रमांक आणि 'पाय सुजलेला', आणि पत्र माझ्या हाती दिलं, पक्षी माझा म्हणून. मी या शहरात जन्मले, भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करते, पण ती लिपी मला वाचता येत नाही. शिकायचं राहून गेलं, असं आम्ही म्हणतो. खरं तर कधी गरज वाटली नाही.

बैठकीत मोठ्या बाईंनी नोंदवही उघडली. नराला नराचंच कडं, मग ते रुतलं कसं? त्यांचं बोट ओळीवरून सरकत त्या शेऱ्यापाशी थांबलं. "हातात अस्वस्थ," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "धरला कुणी होता?" पुढच्या रकान्यात उत्तर होतंच. "म्हणजे पक्षी नीट धरला गेला नाही, म्हणून कडं वाकडं मिटलं. वय झालंय हो त्यांचं. हात थरथरत असतील." आणि मग, वही मिटताना, त्यांनी माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "पुढच्या वर्षीपासून नको बोलवायला. तुम्हाला काय वाटतं?"

त्या प्रश्नाला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून आलं ते हे: "बघा, तुम्ही म्हणाल तसं." एवढ्यात चहा आला. बरोबर उस्मानिया बिस्किटं होती. मी दोन खाल्ली. त्या बिस्किटांची गोडसर-खारट चव अजून आठवते आणि मला स्वतःची किळस येते.

उन्हाळा गेला, आमच्याकडचा तो काळाभोर पावसाळा गेला. कोठीत पुस्तकं घ्यायला जायची तेव्हा मी लांबच्या गल्लीनं जायची, म्हणजे कुलपांची ती पायरी लागू नये. डिसेंबरात चाचांचा फोन आला. दर वर्षी यायचा तसाच. "तारीख क्या पड़ी मॅडम?" त्यांच्या आवाजात लग्नघरातल्यासारखी लगबग होती. त्यांना अजून कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कुणी सांगेल. मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "इस साल नहीं है चाचा. परमिशन नहीं आई." छोटं खोटं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून.

जानेवारीत आम्ही निघालो. नामपल्लीच्या फलाटावर सामानाच्या ढिगाशी मी उभी होते, आणि गर्दीतून चाचा येताना दिसले. धुतलेली शेरवानी, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बोचकं. कारकुनानं त्यांना फोन करून कबुतरांची जाकिटं मागवली होती. गाडीची वेळही त्यानंच सांगितली होती. पायाखालची फरशी दुभंगावी असं म्हणतात ना, तसं काही होत नाही हो. फरशी जागच्या जागी राहते आणि आपल्याला त्यावर उभं राहावं लागतं. त्यांनी बोचकं माझ्या हातात दिलं. तीन जाकिटं, चामड्याला ताजं तेल लावलेलं. "टाँके देख लेना," ते म्हणाले. गाडी हलायला वेळ होता. तरी ते निघाले, आणि निघताना मान किंचित झुकवून, सोडताना पाखराला म्हणायचे तसं, मला म्हणाले, "कहा-सुना माफ, मॅडम."

त्या फेरीत मी काय पाहिलं, किती पक्षी मोजले, मला धड आठवत नाही. परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी खणातलं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि दुपारी चाचांचं घर शोधत जुन्या शहरात गेले. अरुंद गल्ली, दारांवर तरटाचे पडदे, गच्च्यांवर कबुतरांची खुराडी आणि कुठूनतरी बगारा भाताला दिलेल्या फोडणीचा दरवळ. दार त्यांच्या सुनेनं, नसरीननं उघडलं. ती तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिकवते, हे मला तेव्हाच कळलं. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात कोण कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. बडीशेपेची डबी, 'नर', 'अस्वस्थ', बैठक, बिस्किटं, परमिशन. आधी मराठीत सुरुवात केली, मग लक्षात आल्यावर हिंदीत. काही वाक्यं दोनदा झाली. चाचा ऐकत होते. नसरीननं चहा आणला. त्यांनी कप उचलला आणि बशीवर कप वाजायला लागला. आधी मला वाटलं ठेवताना वाजला. पण तो वाजतच राहिला. त्यांनी दुसऱ्या हातानं पहिला हात धरला, आणि मग दोन्ही हात थरथरायला लागले.

"बारिश से ज़रा-ज़रा था, इस महीने बढ़ गया," नसरीन म्हणाली. "डॉक्टर दवा दे रहे. अब्बा ने ताले का काम भी छोड़ दिया."

मी जे खोटं त्यांच्या नावावर टाकलं होतं, ते वर्षभरात खरं झालं होतं. आता मी नोंदवही सुधारली काय, मोठ्या बाईंच्या पायांवर लोळण घेतली काय, या हातांत पुन्हा बहिरी येणार नव्हता. एक हिवाळा शिल्लक होता त्यांचा. शेवटचा. आणि तो मी खाल्ला होता, चहाबरोबर.

मी माफी मागितली. त्यांनी कप कसाबसा खाली ठेवला. नाही म्हणाले नाहीत आणि हो म्हणाले नाहीत. मी कडं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते थरथरत्या चिमटीत उचललं, उन्हाच्या बाजूला धरलं आणि म्हणाले, "नर का." मग विचारलं, "परिंदे का क्या हुआ?"

मला माहीत नव्हतं.

शपथेवर सांगते, त्या क्षणापर्यंत हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. वर्षभर माझी झोप उडालेली होती ती माझ्यासाठी: मी कशी वागले, मी किती हलकी ठरले, कुणाला कळेल का. ती मादी जगली की मेली, याचा मी विचारच केला नाही. पत्र पर्समध्ये होतं. मी ते नसरीनला दिलं. तिनं उभ्या उभ्या, शाळेत धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात, वाचून आम्हाला सांगितलं.

कोळ्यानं लिहिलं होतं की ती होड्यांच्या मागे वाळूवर पडलेली मिळाली. एक पाय टेकवत नव्हती. जाळ्याची तार कापायच्या हत्यारानं त्यानं कडं तोडलं. तिनं त्याचं बोट फोडलं, ते त्यानं कौतुकानं लिहिलं होतं. त्याच्या आईनं पायाला हळद बांधली. टोपलीखाली ठेवलं. मासळी दिली तर ढुंकून पाहीना, मग कोंबडीचे तुकडे दिले, ते खाल्ले. चौथ्या सकाळी टोपली उचलली तेव्हा ती होडीच्या डोलकाठीवर जाऊन बसली, एक पाय पोटाशी धरून, आणि मग गेली. शेवटच्या चार ओळी नसरीननं दोनदा वाचल्या. ती कुठे जाते हे कळावं म्हणूनच तुम्ही नंबर घातला असेल, तर ती इथे आली होती हे लिहून ठेवा. पुन्हा कुणाला दिसली तर आम्हाला कळवा. उत्तर पाठवा. आई रोज विचारते.

कुणीही उत्तर पाठवलं नव्हतं. त्या किनाऱ्यावरची एक म्हातारी वर्षभर पोस्टमनची वाट बघत होती, आणि तिच्या मुलाचं पत्र माझ्या खणात वास मारत पडलं होतं. मला रडू आलं नाही. लाज वाटली, उघडीनागडी लाज, कान तापवणारी, जी मला त्या बैठकीत वाटायला हवी होती. उत्तर तिथेच लिहिलं. मी सांगत गेले आणि नसरीन तेलुगूत उतरवत गेली. कडं मी घातलं होतं, ते चुकीचं होतं, ते चुकीचं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. 'माहीत होतं' या शब्दांपाशी तिचं पेन क्षणभर थांबलं. चाचा म्हणाले, "लिख."

दुसऱ्या दिवशी मी नोंदवहीत 'नर' खोडून 'मादी' लिहिलं, तो शेरा खोडला, बाजूला लिहिलं की पक्षी शांत होता, आणि सही करून वही मोठ्या बाईंपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "वर्षभर?" एवढंच त्या म्हणाल्या. मी माझी पक्कड आणि परवाना त्यांच्या टेबलावर ठेवला; त्यांनी नको म्हटलं नाही. नंतर त्या स्वतः चाचांच्या घरी जाऊन आल्या, असं नसरीननं सांगितलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

खण मी साबणानं धुतला. तरी कधी कधी वास येतो, की मला भास होतो, कुणास ठाऊक.

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीनं निरोप दिला की कुकटपल्लीत एका उंच इमारतीच्या कंगोऱ्यावर बहिरी येऊन बसतेय, चांगली मोठी, मादी असावी. बहिरी शहरातही हिवाळा काढते. तिला बसायला उंच कडा लागतो, तो दगडाचा असो की सिमेंटचा, आणि कबुतरांना इथे काय तोटा. शेकडो पक्ष्यांतून नेमकी तीच असायचं काही कारण नाही, हे मला समजतं. तरी मी नसरीनला फोन केला. चाचांनी येईन म्हटलं.

आम्ही इमारतीसमोरच्या फुटपाथवर उभे होतो. सकाळचं ऊन वरच्या मजल्यांच्या काचांवर आलं होतं, खाली रिक्षांचा कल्लोळ, इडलीच्या गाडीवरची वाफ, आणि अगदी वर, आभाळाच्या कडेशी, ती. मी दुर्बीण चाचांना दिली. त्यांनी डोळ्यांना लावली, पण हात ऐकेनात. चित्र नाचत असणार. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी ती मला परत केली आणि म्हणाले, "तुम देखो. बोलो क्या दिखरा."

मी पाहिलं. गर्द पाठ, रुंद खांदे, स्वच्छ छाती. सिमेंटच्या कडेवर एक पिवळा, दणकट पाय. दुसरा पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला. आराम करताना सगळेच शिकारी पक्षी असे एका पायावर बसतात. त्यावरून काहीच ठरत नाही. चाचा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. दोन्ही पाय ठीक आहेत चाचा, हे शब्द माझ्या जिभेवर आयते तयार झाले, गोड, छोटे, कुणाचंही काही न बिघडवणारे.

"एकच पाँव दिखरा," मी म्हटलं. "दूसरा नहीं दिखरा. अभी तक."

"हौ," चाचा म्हणाले. "ठैरेंगे."

ते फुटपाथच्या कठड्यावर टेकले. मी दुर्बीण डोळ्यांना लावून तशीच उभी राहिले, ती दुसरा पाय खाली टेकवेपर्यंत.